बोलणं चालू आहे

परवा आमच्या निवृत्त शिक्षकांच्या फोनवरच्या गटात दोघं जण हमरीतुमरीवर आले. विषय काय, तर शाळेच्या जुन्या फोटोत तिसऱ्या रांगेत कोण उभं आहे. बघता बघता गाडी एकमेकांच्या वडिलांपर्यंत पोचली. मी फोन उपडा करून ठेवला, आणि कानात एक जुना, वापरून गुळगुळीत झालेला आवाज आला. "आधी नाव सांगा, गाव सांगा, मग बोला." हा आवाज मालनताईंचा. त्यांची आठवण आली की मला पहिल्यांदा राग येतो. बाकीचं सगळं मागून येतं, पण पहिला मान रागाचा.

गोष्ट नव्वदीच्या शेवटाशेवटाची. शाळा अर्धवट सुटलेल्या मोठ्या माणसांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायचं काम बारामतीत एक संस्था करायची. इंदापूर, मोरगाव आणि सोमेश्वरनगरला तिची केंद्रं होती. शिक्षक मात्र सगळे बारामतीत, मीही त्यातलाच. दिवसा शाळेत गणित शिकवायचं आणि संध्याकाळी तिथं. मग लांबच्यांनी शंका विचारायच्या कुठं? संस्थेच्या सचिवांनी कुठूनसे जुने संगणक मिळवले, ते मोडेमच्या डब्यांतून टेलिफोनच्या तारेनं एकमेकांना जोडले आणि एक फळा तयार केला. इंदापूरच्या माणसानं तिथल्या संगणकावर प्रश्न लिहायचा, बारामतीला फोन जोडायचा, की तो प्रश्न आमच्या मशीनवर येऊन बसायचा. मग ज्यानं त्यानं आपापल्या केंद्रातून फोन जोडून तो वाचायचा आणि उत्तर द्यायचं. मराठी लिहायची ती इंग्रजी अक्षरांत. बारामतीला लाईन एकच असल्यामुळं एक केंद्र बोलत असलं की बाकीच्यांनी वाट बघायची. मध्येच लाइट गेली तर सगळाच आनंद.

या फळ्यावर देखरेख करायला संस्थेनं मालनताईंना ठेवलं. बारामतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उभा जन्म काढला होता. नंबर सांगितला की ऑपरेटर हातानं तार जोडून देई, त्या काळापासूनच्या त्या. पुढं एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, नंबर फिरवला की थेट लागायला लागला, आणि मालनताई घरी बसल्या. सचिवांना वाटलं, बाईंना तारांची सवय आहे, बसतील डब्यापाशी आणि कुठं अडलं तर सांगतील. बाईंना तारांची नव्हे, बोलणाऱ्या माणसांची सवय आहे, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

बारीक चणीच्या, नऊवारीतून पाचवारीत आलेल्या, आणि मान सदा डावीकडे किंचित कललेली. एक्स्चेंजमध्ये ऐकायला कानावर लावायची ती जड चकती जाऊन वर्षं झाली होती, तरी केसांत तिची वाट दिसायची. समोर उभ्या असलेल्या माणसालाही त्या "कोण बोलतंय?" म्हणून विचारायच्या. मी पहिल्या दिवशी नमस्कार केला, तर म्हणाल्या, "कोण बोलतंय?" मी नाव सांगितलं. "गाव?" गाव सांगितलं. मग म्हणाल्या, "बोला." माझं बोलणं संपलं आणि मी उठायला लागलो, तर हात वर करून विचारलं, "झालं का बोलणं?" मी झालं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठं मला खोली सोडता आली. पुढं पुढं आम्ही शिक्षक त्यांची नक्कल म्हणून चहाच्या टपरीवर "झालं का बोलणं?" म्हणायला लागलो होतो.

कामावर असल्या की त्यांची भाषा अगदी धुतल्यासारखी असायची. आहे, नाही, कृपया, थांबा. खुर्चीवरून उठल्या की हाय, न्हाय. त्यांच्या रागाचा अंदाजही त्यावरूनच यायचा. खुर्चीवर असताना बाई गावचं बोलायला लागल्या की समोरच्यानं सावध व्हावं.

एक्स्चेंजमधली त्यांची एक गोष्ट बारामतीत सगळ्यांना ठाऊक होती. मोरगावची एक म्हातारी पोस्टातून आपल्या लष्करातल्या मुलाशी बोलत होती. किती महिन्यांनी लाईन मिळालेली. तेवढ्यात एका बड्या पुढाऱ्याचा फोन आला, की ती लाईन तोडा आणि मला द्या. मालनताईंनी त्यांना सांगितलं, बोलणं चालू आहे, थांबावं लागेल. पुढारी म्हणाले, मी कोण आहे माहीत आहे का? त्या म्हणाल्या, माहीत आहे, म्हणूनच थांबा म्हणतेय, दुसऱ्या कुणाला तासाभरानं फोन करा म्हटलं असतं. पुढाऱ्यांनी वरपर्यंत तक्रार केली आणि ताईंची इंदापूरला बदली झाली. रोजची एसटी, सकाळी जाऊन रात्री परत. हे सांगताना त्या कधी फुशारक्या मारायच्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "चालू बोलणं मधनं तोडत नसतात." जणू उष्ट्या हातानं वाढत नसतात म्हणावं, तसं.

तर अशा बाईंनी फळ्यासाठी नियम केले, आणि आमच्या नाकी नऊ आले. पहिला नियम, नाव आणि गाव लिहिल्याशिवाय प्रश्न नाही आणि उत्तरही नाही. संगणक फक्त केंद्राचं नाव दाखवायचा, त्यामुळं माणसानं स्वतःच ते लिहायचं. दुसरा नियम, कुणाला हसायचं नाही. इथवर ठीक. पण तिसरा नियम म्हणजे आमच्या मानेवरचं जू होतं. एक्स्चेंजमध्ये कुणी नंबर मागितला की ऑपरेटर तो परत म्हणून दाखवी आणि "बरोबर?" विचारी. गिऱ्हाइकानं होय म्हटल्यावरच तार जोडायची. तसंच इथंही. उत्तर देणाऱ्यानं आधी तो प्रश्न आपल्या शब्दांत परत लिहायचा, शेवटी "बरोबर?" विचारायचं, आणि विचारणाऱ्याचं "व्हय" आल्यावर मगच उत्तर द्यायचं.

आता तुम्हीच सांगा. सोमेश्वरनगरच्या कारखान्यावरचा माणूस पाळी सांभाळून आठवड्यातून दोनदा केंद्रावर येणार. त्यानं सोमवारी प्रश्न टाकला, मी मंगळवारी "बरोबर?" विचारलं, त्यानं गुरुवारी "व्हय" लिहिलं, आणि शुक्रवारी लाइट नाही. साध्या लसाविला आठवडा. मी एकदा वैतागून सरळ उत्तर टाकलं, तर ते फळ्यावरून गायब. विचारायला गेलो तर म्हणाल्या, "सर, तुम्ही चुकीच्या नंबरला जोडत होता." माझं उत्तर बरोबर आहे म्हणून मी हुज्जत घातली. त्या म्हणाल्या, उत्तर बरोबर असेल, पण त्यांनी ते मागितलंय का, हे तुम्ही विचारलं नाही. खुद्द सचिवांनी एकदा फळ्यावर सुट्टीची सूचना टाकली आणि खाली नुसतं "सचिव" लिहिलं, तर बाईंनी ती परत पाठवली. कोण सचिव, नाव काय, गाव कोणतं? सचिवांनी मुकाट्यानं नाव-गाव लिहिलं, पण त्या दिवशी त्यांच्या मनात जे बसलं ते निघालं नाही.

राग यायचा तो याचाच, की बाईंचं म्हणणं ऐकताना पटायचं आणि खोलीबाहेर पडलं की त्याचा जाच व्हायचा. शिकवायला म्हणून काढलेला फळा आणि त्यावर शिकणं सोडून शिष्टाचारच जास्त.

शेवंता या फळ्यावर आली ती त्याच हिवाळ्यात. कळसची. तिच्या सासऱ्यापर्यंत घरात मेंढरं होती, पावसाळा संपला की सगळं घर पाठीवर टाकून कोकणात उतरायचं. आता थोडी जमीन आणि तिच्यावर घर. शेवंता गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. सेविका उन्हाळ्यात निवृत्त होणार होती आणि तिची जागा शेवंताला मिळण्यासारखी होती, फक्त दहावी पाहिजे. म्हणजे याच मार्चला सुटली तर सुटली. पुढच्या खेपेला जागा राहणार नव्हती. बाकीचे विषय तिनं रेटून नेले असते. गाडी अडायची ती गणितात. गुरुवारी इंदापूरचा बाजार करायला म्हणून ती यायची आणि केंद्रावर बसून एका बोटानं अक्षरं शोधत लिहायची. पहिल्याच दिवशी तिनं बाईंच्या नियमाप्रमाणे नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि कुणी न विचारता घरी आधी मेंढरं होती तेही लिहून टाकलं. नवीन घरात गेल्यावर आपण सांगतो ना सगळं, तसं.

परीक्षा जवळ आली तसा तिचा एक प्रश्न आला. समांतरभुज चौकोनाला कर्ण काढला की दोन त्रिकोण होतात आणि ते एकरूप आहेत हे सिद्ध करायचं असतं. पुस्तकात तो कर्ण दोन्ही त्रिकोणांची सामाईक बाजू म्हणून धरतात. शेवंतानं लिहिलं होतं: "शेवंता, कळस. कर्ण पयल्या त्रिकोणात धरला आन दुसऱ्यातबी धरला. एकच बांध दोघांच्या नावावर कसा लावायचा? आमच्यात असं केलं की भांडनं व्हत्यात."

मला तो प्रश्न फार आवडला. इतकी वर्षं पोरांनी ते वाक्य पोपटासारखं पाठ करून लिहिलं होतं आणि एकालाही असं वाटलं नव्हतं. जिच्या गावात बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, तिला ते खटकणारच. मी नियमाप्रमाणे लिहिलं: एकच रेघ दोन्हीकडे कशी मोजायची, असं विचारताय. बरोबर? आणि तिच्या "व्हय"ची वाट बघत बसलो. ती येणार पुढच्या गुरुवारी.

त्या गुरुवारी तिनं फळा उघडला तेव्हा माझ्या ओळीखाली दुसरीच एक ओळ येऊन बसलेली होती. बारामती केंद्रातून. नाव नाही, गाव नाही. "बाई तलाठ्याकडं जावा. गणित म्हंजी मेंढरं मोजनं न्हाय." ती आदल्या संध्याकाळी उशिरा, फळा बंद व्हायच्या घाईत टाकलेली. मालनताईंनी दुसऱ्या दिवशी आल्या आल्या काढून टाकली, पण इंदापूरच्या लोकांनी सकाळी सगळ्यांत आधी फोन जोडला होता. शेवंतानं वाचलं, तिच्या मागं उभ्या असलेल्या चौघांनी वाचलं. ती काही न लिहिता उठून गेली आणि त्यानंतर केंद्राकडे फिरकली नाही.

मालनताईंनी त्या दिवशी खुर्चीवर बसूनच गावचं बोलायला सुरुवात केली. बारामतीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "ज्यानं लिवलं त्यानं नाव लावावं. दुसरं काय बी मागत न्हाय. तवर लाईन बंद." आणि डब्याची तार काढून पर्समध्ये ठेवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. परीक्षा तोंडावर, चार केंद्रांतल्या माणसांच्या शंका तुंबलेल्या, आणि एका टवाळामुळं सगळ्यांचं तोंड बंद. मोरगावच्या आणि सोमेश्वरच्या लोकांनी काय घोडं मारलं होतं? मी त्यांना म्हटलं, ताई, हा कुठला न्याय? त्या म्हणाल्या, बिननावाची शिवी सगळ्यांचीच असते.

कोण असेल याचा मला अंदाज होता. प्रदीप नावाचा एक होता, बापाकडे ट्रॅक्टर, ट्रॉल्या, आणि संस्थेला देणगी देणाऱ्यांत बापाचं नाव वरचं. पंचविशीचा गडी, दहावीचं गणित दोनदा राहिलेलं आणि ती सल लपवायला तोंड सतत चालू. त्या संध्याकाळी शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थ्यांच्या संगणकावर लिहायला तोच बसला होता. मधलं दार उघडं होतं. ताई अलीकडे आपल्या खुर्चीवर होत्या. मी त्यांना सरळ विचारलं, "तुम्ही ऐकलंय ना? कोण हसत होतं ते?"

"कानावर पडलंय," त्या म्हणाल्या.

"मग सांगा नाव आणि मोकळ्या व्हा."

"सर, लाईनीवर कानावर पडलेलं सांगत नसतात. माझी नोकरी गेली, सवय न्हाय गेली."

आता अशा माणसाचं काय करायचं? नाव ठाऊक आहे, पण सांगायचं नाही. नाव येत नाही तोवर लाईन सुरू करायची नाही. दोन्ही बाजूंनी आपणच घट्ट गाठ मारायची आणि मध्ये लोकांनी लोंबकळायचं. मला त्यांचा इतका राग आला की मी बोलायला नको ते बोललो. म्हटलं, ताई, तुमच्या नियमानं झालंय हे. शेवंतानं तुमचं ऐकून नाव, गाव, मेंढरं सगळं मांडलं, म्हणून ती उघडी पडली. ज्यानं नियम मोडला तो झाकलेला राहिला. आणि मी तिला त्याच दिवशी उत्तर दिलं असतं, तर त्या ओळीला मध्ये शिरायला जागाच मिळाली नसती. ती जागा तुमच्या "बरोबर?"नं ठेवली.

ताईंची मान डावीकडे कललेलीच होती. मी बराच वेळ उभा राहिलो, कारण "झालं का बोलणं?" आलं नव्हतं. शेवटी तसाच निघालो. माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

त्या रविवारी मला इंदापूरला जादा तास होता. स्टँडवर आलो तर मालनताई एसटीत खिडकीशी बसलेल्या. मी शेजारी बसलो. कळस आलं तशा त्या उतरल्या आणि का कोण जाणे, तास बाजूला ठेवून मीही त्यांच्या मागं उतरलो.

शेवंताचं घर रस्त्यापासून आत होतं. दारात दोन शेळ्या, अंगणात वाळत घातलेली बाजरी. शेवंता खाली मान घालून धान्य पाखडत होती. आम्हाला बघून तिनं पदर सावरला, घोंगडं अंथरलं, पाणी दिलं, चहा टाकला. झाल्या गोष्टीबद्दल ताईंनी चकार शब्द काढला नाही, परत ये म्हणूनही म्हणाल्या नाहीत. मला वाटलं होतं माफी मागतील, समजूत घालतील. कसलं काय. चहाचा कप खाली ठेवला आणि खुर्चीवर बसल्यासारख्या ताठ होऊन म्हणाल्या, "शेवंता, तुझा प्रश्न असा होता. एकच बांध दोन रानांच्या नावावर कसा लावायचा. बरोबर?"

शेवंता हळूच म्हणाली, "व्हय."

"सर, आता सांगा."

अंगणातच मी काडीनं चौकोन काढला, मध्ये कर्ण. म्हटलं, बांध कुणाच्या मालकीचा हे गणित विचारत नाही. ते फक्त विचारतं, बांध लांब किती. इकडच्या रानातून मोजलास काय आणि तिकडच्या रानातून मोजलास काय, लांबी बदलेल का? शेवंता काडीकडं बघत बसली. मग म्हणाली, "म्हंजी भांडान मालकीचं. लांबीचं भांडानच न्हाय." मी म्हटलं, एवढंच. ती थोडीशी हसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा असावी.

निघताना मीच विचारलं, परीक्षेला येणार ना? ती ताईंकडं वळून म्हणाली, "ताई, बोललं त्याचं मला काय न्हाय वाटत. मेंढरं व्हतीच की आमची. पण कुनी बोललं तेच कळंना. मानूस दिसलं आस्तं तर त्याच्याकडं बघून गप बसले आस्ते. आता केंद्रात सगळ्यांकडंच बघाया नको वाटतंय." परीक्षेचं ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. परतीच्या एसटीत ताई खिडकीबाहेर बघत होत्या. एकदाच बोलल्या, मला की स्वतःला ते कळलं नाही, "नावच पायजे हाय."

नाव आलं नाही. त्याऐवजी सचिवांचा निरोप आला. फळ्यावरून कटकटी फार होतात, देणगीदार नाराज आहेत, परीक्षेनंतर त्या संगणकांवर फी घेऊन शिकवायचे वर्ग चालवायचे आहेत, तेव्हा फळा बंद. शनिवारी दुपारी वायरमन येऊन लाईन काढून नेईल. मालनताईंची गरजही शनिवारपर्यंतच. परीक्षा सोमवारपासून. ज्यांच्या शंका राहिल्या त्यांनी देवाला विचाराव्यात, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

मला खरं तर हायसं वाटायला पाहिजे होतं. सुंठीवाचून खोकला जात होता. पण मी शनिवारी शाळा सुटल्याबरोबर तिकडं गेलो, आणि बघतो तर डब्याची तार जागेवर आणि दिवा लागलेला. ताईंनी सकाळीच लाईन सुरू केली होती. हरल्या होत्या आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. फळ्यावर त्यांनी लिहिलं होतं: "मालन, बारामती. नाव आलेलं नाही. लाईन आज दुपारपर्यंत आहे. ज्याला बोलायचं त्यानं बोलून घ्यावं."

त्या दिवशी सगळ्या केंद्रांवर हॉलतिकिटं वाटत होते. ताईंनी इंदापूरला चौकशी केली. शेवंताचं हॉलतिकीट तसंच टेबलावर पडून होतं.

मोरगावच्या दोन शंका आल्या, त्या मी धडाधड उरकल्या. "बरोबर?" मी विचारलं नाही आणि ताईंनीही मला टोकलं नाही. ते मला नियमापेक्षा जास्त लागलं. मग बारामतीतूनच, शेजारच्या खोलीतून एक ओळ आली. दार लावलेलं होतं.

"प्रदीप, बारामती. त्या सामाईक बाजूचं मलाबी कळलेलं न्हाय. मागच्या येळंला त्याच्यातच राहिलो."

एवढंच. चुकलं नाही, माफी नाही. ज्याचं हसं केलं तेच स्वतःलाही येत नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मला सणकून राग आला आणि उठून दार उघडावं असं वाटलं. ताईंनी हात वर करून मला थांबवलं. पडद्यावरचं ते नाव त्या पुन्हा पुन्हा वाचत होत्या. मी उत्तर लिहायला पुढं झालो, तर म्हणाल्या, "तुमाला न्हाय विचारलं."

"मग कुणाला?"

"थांबा."

मी थांबलो. दुपार व्हायला आली. वायरमन आला, जिना चढून थेट आत. हातात पक्कड, कागदावर सही घ्यायची घाई, अजून दोन ठिकाणी जायचं होतं त्याला. तो डब्यापाशी वाकला तेवढ्यात डबा किरकिरला. इंदापूरनं फोन जोडला होता. वायरमन एक पाऊल मागं सरला. अक्षरं एकेक करून यायला लागली. वाचायला मीही वाकलो.

"शेवंता, कळस. प्रदीपदादा, तुमचा प्रश्न आसा हाय का, की एक बांध दोनी रानात कसा मोजायचा. बरोबर? व्हय म्हना मग सांगते. हॉलतिकीट घेतलंय. सोमवारी पेपराला येती हाय, तुमीबी या."

ताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत लावला. शेजारच्या खोलीचं दार बंदच होतं. आत कुणी खुर्ची सरकवल्यासारखा आवाज आला, मग काही नाही. "व्हय" एवढा एक शब्द लिहायला माणसाला किती वेळ लागतो? मी मनातल्या मनात त्या पोराला शिव्या घालत होतो.

वायरमननं घड्याळ बघितलं. "बाई, काढू का आता?"

मालनताईंनी खुर्ची डब्याजवळ ओढून घेतली. मान डावीकडे कलली. आवाज एकदम धुतलेला, एक्स्चेंजमधला.

"थांबावं लागेल. बोलणं चालू आहे."

वायरमननं माझ्याकडं बघितलं. मी बाकावर सरकून त्याला जागा करून दिली. तो पक्कड मांडीवर ठेवून बसला.